मधल्या उंचीचा गहू

ओब्रेगोनजवळ, याकी खोरं
१० मार्च १९५७

प्रिय लिब्रादो,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. उलट बाजूचं नाव वाचून तू हे पत्र न फोडता तसंच ठेवलंस तरी मी मनावर घेणार नाही. वडिलांच्या दुसऱ्या बायकोचं पत्र फोडायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. पत्ता शेजारच्या हिलारियोंच्या पुतण्याकडून मिळाला. तो म्हणाला, तू मेहिकालीत कापसाच्या जिनिंगमध्ये आहेस, जेवणखाण नीट आहे, फक्त बोलत नाहीस. मी म्हटलं, तो इथेही कुठे बोलायचा.

तुझ्या वडिलांना मी पत्र लिहितेय हे सांगितलेलं नाही. पण मघाशी टेबलावर शाईची दौत बघून ते उठून बाहेर गेले आणि गोठ्याचं दार उगाचच दुरुस्त करत बसले. म्हणजे त्यांना कळलं असावं.

एक बातमी सांगायची आहे. मी कामाला लागले. गव्हाच्या संशोधन केंद्रात बायका हव्या होत्या, भरतकाम येणाऱ्या. का, तर बोटं बारीक कामाची लागतात. गव्हाच्या एकाच फुलात आई आणि बाप दोघंही असतात, हे मला आजवर माहीत नव्हतं. परका बाप आणायचा तर फूल उमलायच्या आधी चिमट्याने आतले तीन परागकोश काढून टाकायचे. एकही फुटता कामा नये. मग त्या ओंबीवर कागदी पिशवी चढवून तोंड बंद करायचं. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या गव्हाची, परागाला आलेली ओंबी आणायची, पिशवीचं टोक कापून ती आत धरून फिरवायची, आणि पुन्हा बंद. झालं लग्न. माझ्यासोबत काम करणारी रोसारियो म्हणते, पाद्र्यापेक्षा आपण स्वस्त.

आमच्यावर एक तरुण इंजिनिअर आहेत, सामुदियो नावाचे. सालतियोकडचे, कान कायम उन्हाने सोललेले. त्यांच्याकडे जपानहून फिरत फिरत आलेला एक बुटका गहू आहे, माझ्या गुडघ्याच्या जरा वर येतो. ताठ असतो, भरपूर खत-पाणी दिलं तरी लोळत नाही. पण दाणा सुरकुतलेला आणि पानांवरचा तांबेरा रोग त्याला आधी धरतो. त्यांना जोडीला असा गहू हवा होता ज्याला तांबेरा सहसा लागत नाही आणि ज्याच्या पिठाच्या रोट्या कोपरापर्यंत ताणल्या तरी फाटत नाहीत. मागच्या तांबेऱ्याच्या वर्षी आपल्या पाटाच्या बाजूला कुणाचा गहू हिरवा राहिला होता, ते तुला माहीत आहे.

म्हणून इंजिनिअर आपल्या घरी आले. तुझ्या वडिलांनी त्यांना कॉफी दिली, रोटी दिली, वाळवलेलं मटण दिलं, आणि बियाणं मात्र दिलं नाही. म्हणाले, "माझ्या बापाने निवडलेला गहू आहे. यात घोडेस्वार लपतो. तुमच्या गव्हात ससा लपला तर कान दिसतील."

इंजिनिअर हसले. म्हणाले, "काका, मला कुणाला लपवायचं नाही. गहू कापणीपर्यंत उभा राहिला म्हणजे झालं."

आपला गहू आडवा झाला ते वर्ष या घरात कुणी विसरलेलं नाही. तुझे वडील शेवटी आत गेले, मूठभर दाणे आणून इंजिनिअरांच्या टोपीत टाकले. "घ्या. पण लग्नाला मला बोलावू नका."

त्या गव्हाच्या ओंब्यांवर पिशव्या मीच चढवल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तू घर सोडून गेलास त्या दिवशीचं मी लिहिणार नव्हते. पण न लिहिता पत्र पुढे जात नाही. तू खत घातलंस, पाणी वेळेवर दिलंस, गहू कधी नव्हे इतका माजला आणि वाऱ्याने झोपला, यात तुझा काय दोष हे मला तेव्हाही कळत नव्हतं. आणि त्यावरून खळ्यावर सगळ्या शेजाऱ्यांसमोर तुझे वडील जे म्हणाले, की आमच्या घराण्यात बुटका पुरुष आजवर जन्मला नाही, हा कुठून आला ते ओतिलियालाच ठाऊक, ते मीही ऐकलं. तू खांद्यावरचं पोतं हळूच खाली ठेवलंस आणि रस्त्याला लागलास. हिलारियो हाक मारत होते, तू मागे पाहिलं नाहीस.

मी तुझ्या आईला, ओतिलियाला, पाहिलेलं नाही. तिने भरलेल्या टेबलक्लॉथवर मी रोज जेवते. ती गेली, तिला आता स्वतःसाठी बोलता येत नाही, म्हणून मी त्या संध्याकाळी तुझ्या वडिलांशी बोलले. काय बोलले ते राहू दे. तेव्हापासून त्यांनी तो विषय काढलेला नाही, आणि शब्द मागेही घेतलेले नाहीत.

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

देल्फिना


२२ सप्टेंबर १९५७

प्रिय लिब्रादो,

तुझं कार्ड मिळालं. "मी बरा आहे. वेचणी सुरू आहे. पत्र पोचलं." एवढंच. मी ते साखरेच्या डब्यामागे उभं करून ठेवलंय. तुझे वडील हल्ली कॉफीत साखर स्वतः घालून घेतात. पूर्वी मला हाक मारायचे.

आम्ही जमवलेलं बी उन्हाळ्यात केंद्राच्या लोकांनी तोलुकाच्या डोंगराळ शेतात पेरलं. तिकडे थंडी असते, म्हणून वर्षात दोन पिकं निघतात. माझं तिकडे जायचं ठरलं होतं, पण गेले नाही. तब्येत जरा अशीतशीच होती. काळजीचं काही नाही.

इंजिनिअर सामुदियो परवा परतले. आपल्या लग्नाची सगळी रोपं एकाच उंचीची निघाली म्हणे. आईइतकी उंच नाहीत, बापासारखी बुटकी नाहीत, सगळी अधलीमधली. मी घरी येऊन सांगितलं, तर तुझे वडील म्हणाले, "मधलं म्हणजे काय? मधलं म्हणजे काहीच नाही. माझा गहू गेला."

मी सांगितलं, इंजिनिअर म्हणतात गेलेलं काही नसतं. या पिढीत ते सगळं आत दडून बसतं. पुढच्या पिढीत बघा.

"आणि पुढच्या पिढीत काय, घोडा निघणार?"

पण दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तेव्हा विचारलंच, पुढची पिढी कुठे पेरणार म्हणून. मी म्हटलं, इथेच, नोव्हेंबरात. ते म्हणाले, "मी सहज विचारलं."

मेहिकालीत ऊन फार असतं असं ऐकते. डोक्याला फडकं बांधत जा. सांगायचा मला हक्क नाही, तरी सांगते.

देल्फिना


६ एप्रिल १९५८

प्रिय लिब्रादो,

आधी ते सांगते जे मी लपवलं. जानेवारीत मला मुलगी झाली. सेराफिना. तुला कळवायचं कसं ते सुचेना. तुला वाटेल, आता या घरात नवी माणसं आली, जमिनीला नवा वाटेकरी आला, माझी आठवण कशाला. हिलारियोंच्या पुतण्याकडून तुला आधी कळलं असेल तर मला क्षमा कर. तुझी खोली आम्ही घेतलेली नाही. पाळणा आमच्याच खोलीत आहे आणि वडिलांची झोप उडाली आहे.

दुसरी गोष्ट मोठी आहे. ती मला जशी झाली तशीच सांगायची आहे.

पुढची पिढी वाढली. ओंब्या भरल्यावर इंजिनिअरांनी शेजारच्या शेतकऱ्यांना निवड बघायला बोलावलं. मी तुझ्या वडिलांना या म्हटलं नव्हतं. मी सेराफिनाला रोसारियोच्या आईकडे सोडून गेले, आणि मागे वळून बघते तर हे टोपी घालून बांधावर उभे.

लिब्रादो, ते शेत तू बघायला हवं होतंस. पेरलेलं सगळं बी मधल्या उंचीच्या रोपांचं, एका घराण्याचं. आणि उगवलं काय? एखादं थेट आपल्या गव्हासारखं छातीला लागणारं. एखादं इतकं खुजं की ओंबी जमिनीतूनच फुटली असं वाटावं. आणि त्या दोघांच्या मध्ये सगळ्या उंच्या, शेजारी शेजारी. वाऱ्याने हलताना त्याला एक लाट अशी नव्हतीच, जो तो आपापल्या उंचीवर डुलत होता. मी हात लावून वाढवलेलं शेत, तरी मीही थबकले.

तुझे वडील आत शिरले. दोन्ही हात ओंब्यांवरून फिरवत हळूहळू चालत राहिले. उंच रोपापाशी थांबले, ओळख पटल्यासारखी त्याची ओंबी धरली. मग खाली वाकले आणि त्या खुज्यातल्या एकाची ओंबी तळहातावर चोळली. बाकीच्यांचे दाणे चिपाड, पण याचे बऱ्यापैकी भरलेले होते. तोंडात टाकून चावत राहिले.

मग त्यांनी इंजिनिअरांना विचारलं, "हे सगळे एकाच आईबापाचे?"

"एकाच."

"हा बुटकासुद्धा?"

"हो, काका."

"पिशवी कुठे फाटली असेल. बाहेरचं काही आत गेलं असेल."

इंजिनिअर उत्तर देणार, तेवढ्यात मीच बोलले. आवाज चढला असेल माझा, कारण दोघं-चौघं वळून बघायला लागले. मी म्हटलं, "पिशवी माझ्या हातांनी चढवली. बाहेरचं काही आत गेलेलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि बांधाकडे चालू लागले.

घरी येताना गाडीत मी त्यांना एकच विचारलं. त्यांची आई किती उंच होती? त्यांनी लगाम ओढून गाडी हळू केली. शेवटी म्हणाले, "माझ्या खांद्याच्या खाली लागायची. चूल उंच होती म्हणून बापाने तिला उभं राहायला लाकडी पाट करून दिला होता."

तू या सगळ्यातून भलता अर्थ काढू नकोस. इंजिनिअरांना मी नंतर विचारलं, माणसांचंही असंच असतं का. ते म्हणाले, देल्फिनाबाई, माणूस म्हणजे गहू नव्हे, माणसाची उंची कशाकशातून येते ते कुणी मोजलेलं नाही. मलाही गव्हाकडून साक्ष नको होती. ओतिलिया कशी होती ते या पाटावरच्या प्रत्येक बाईला माहीत आहे, तुझ्या वडिलांनाही माहीत आहे. मला फक्त त्यांनी एकदा थांबून विचार करावा एवढंच हवं होतं, आणि ते थांबले.

निवड झाली. तुझ्या वडिलांनी परत जाऊन, हो, दुसऱ्या दिवशी ते परत गेले, एक उंचसर, देखणं रोप निवडलं आणि त्याला लाल चिंधी बांधली. मी एक ठेंगणं, भरपूर फुटव्यांचं निवडलं. इंजिनिअरांनी पुष्कळ निवडली, त्यांतलं एक तर इतकं सामान्य की मी विचारलं, हे कशाला? मध्यम उंची, कुसळं वाकडी, रंग मळकट. ते म्हणाले, उंची कुणालाही दिसते, कारण ती एक-दोन गोष्टींवर ठरते. पण पीक किती देईल हे शंभर बारीकसारीक गोष्टींवर ठरतं, थोड्या आईकडच्या, थोड्या बापाकडच्या, थोड्या पाण्या-मातीच्या. एका रोपाकडे बघून ते सांगतो म्हणणारा थापा मारतो. पेरायचं, तोलायचं, पुढल्या वर्षी पुन्हा पेरायचं.

तुझे वडील त्यावर म्हणाले, "म्हणजे मी म्हातारा होणार."

देल्फिना


१५ फेब्रुवारी १९५९

प्रिय लिब्रादो,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलेलं पहिलं खरं पत्र, आणि रागाचं. तू लिहितोस, गव्हाच्या गोष्टी सांगून मी तुझी समजूत घालू नये. वडील शेतात थांबले, टोपी काढली, आजीची उंची आठवली, हे सगळं त्यांच्या मनात झालं. बोलले होते मात्र चारचौघांत. आईचं नाव ज्यांच्यासमोर खाली पाडलं त्यांच्यासमोरच ते उचलायला हवं.

तुझं बरोबर आहे. मी तुला समजुतीचं काही लिहिणार नाही.

मी ते पत्र त्यांना वाचून दाखवलं. सगळं, एकही शब्द न गाळता. ते खोगिराला तेल लावत होते. लावतच राहिले. मी वाचून संपवल्यावर म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग उठून गेले. जेवायला आले तेव्हा सेराफिनाला मांडीवर घेऊन घास भरवत बसले. आम्ही आठवडाभर एकमेकांशी फक्त मीठ आणि पाणी यांविषयी बोललो. मला वाईट वाटलं नाही. असं गप्प राहणं त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं, ते त्यांना पचू द्यायला हवं होतं.

बाकी इथे तांबेरा आलाय. यंदा रोगाच्या जातीच वेगळ्या आहेत म्हणतात, जुन्या रोगाला दाद न देणारे गहूही पिवळे पडले. तुझ्या वडिलांच्या लाल चिंधीवाल्या रोपाची अख्खी ओळ गेली. सकाळी जाऊन बघितली तर पानांवर हात फिरवला की बोटं विटकरी होत होती. माझ्या ठेंगण्याची ओळ वाचली, पण दाणा इतका पातळ की फुंकलं तर उडेल. इंजिनिअरांनी दोन्ही उपटायला सांगितल्या. मीच उपटल्या.

वाकड्या कुसळांचा तो मळका गहू उभा आहे. त्याच्यावर ठिपके आले आणि तिथेच थांबले. तुझे वडील त्याला "तो कुरूप" म्हणतात. तरी रोज त्याच्याकडे एक फेरी असते. मी बघितलं नाही असं दाखवते.

तू पुन्हा लिही. रागाचं लिही, पण लिही.

देल्फिना


१२ मे १९६०

प्रिय लिब्रादो,

हे पत्र मला सावकाश लिहायचं होतं, पण थांबवत नाही.

यंदा केंद्राने शेतकऱ्यांच्याच शेतात चाचणीचे पट्टे पेरायचं ठरवलं. इंजिनिअर विचारायला आले आणि आश्चर्य म्हणजे तुझ्या वडिलांनी आपलं पाटाकडचं शेत दिलं. तेच, जिथे तुझा गहू लोळला होता. तीन पट्टे. एकात आपला जुना गहू, एकात तो जपानी बुटका, मधल्यात वाकड्या कुसळांचा. तिन्हींना सारखं खत, सारखं पाणी. खत किती घालायचं यावर वाद झाला. इंजिनिअर सांगत होते तेवढं ऐकून तुझे वडील म्हणाले, "माझ्या मुलानेही तेवढंच घातलं होतं."

माझा मुलगा, असं म्हणाले. मी भांडी घासत होते, तशीच थांबले.

मार्चअखेर वारा आला. त्या वर्षी आला होता तसाच, दुपारभर. आपला जुना गहू सुरुवातीला डोलला, मग एका कोपऱ्यातून झोपत गेला आणि सगळा पट्टा चटई अंथरल्यासारखा सपाट झाला. बुटका हललाही नाही. मधला पट्टा खाली वाकायचा आणि पुन्हा उठायचा, वारा थांबला तेव्हा उभा होता. तुझे वडील बांधावर उभे राहून सगळं बघत होते. मी आत बोलावलं तरी आले नाहीत. तोंडात धूळ, डोळे लाल. मला म्हणाले, "त्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्याच गव्हाची कंबर कच्ची होती."

मी म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग.

कापणीच्या दिवशी पाटावरचे सगळे जमले. त्या दिवशी खळ्यावर होते ते जवळजवळ सगळे. हिलारियो, त्यांचे भाऊ, बायका, गिरणीवाला. मळणी झाली, पोती तोलली. बुटक्याचा दाणा हलका. जुन्या गव्हाचा निम्मा मातीत गेलेला. मधल्याची पोती वाढतच गेली, शेवटी गिरणीवाल्याने तराजूच तपासून घेतला. तिथेच चूल पेटवून मी त्या पिठाच्या रोट्या केल्या. जरा चिवट होतात, खोटं कशाला सांगू, पण कोपरापर्यंत ताणल्या गेल्या.

इंजिनिअर तुझ्या वडिलांकडे हात करून सगळ्यांना म्हणाले, हा गहू अर्धा नसारियोकाकांचा आहे, त्यांनी दोन शब्द सांगावेत. सगळ्यांना वाटलं, आता घोडेस्वाराची गोष्ट येणार.

त्यांनी टोपी काढली. ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली. बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण मी त्याच दुपारी मनात घोकून ठेवलं.

"गव्हाचं इंजिनिअर सांगतील. मला दुसरं सांगायचंय. याच जागेवर मी ओतिलियाबद्दल बोललो होतो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. ते खोटं होतं. मला तेव्हाही माहीत होतं की खोटं आहे. गहू पडला याचा राग होता, आणि तो मी मेलेल्या बाईवर आणि तिच्या पोरावर काढला. लिब्रादो माझा मुलगा आहे. ओतिलियासारखी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही." इथे थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक पाहिली. ती मला याआधीच हे सांगून थकली."

मग हिलारियोंची बायको पुढे आली, ओतिलियाची मैत्रीण होती ती, आणि तिने तुझ्या वडिलांच्या हातातली टोपी घेऊन त्यांच्या डोक्यावर ठेवली. ऊन लागेल म्हणाली.

तू म्हणाला होतास तसं झालं. याने तुझं समाधान झालं का ते मला माहीत नाही. झालं नसेल तर तेही बरोबर.

देल्फिना


९ ऑक्टोबर १९६०

प्रिय लिब्रादो,

मेपासून तुझं काही नाही. मी वाट बघितली. आज तुझे वडील म्हणाले, "लिही. मी सांगतो." तेव्हा हे त्यांचं पत्र, अक्षर माझं.

ते म्हणतात: पाऊसपाणी बरं आहे. धरणात पाणी आहे. तांबडं खेचर लंगडतं, पण खातं. केंद्राने त्या गव्हाचं पुरेसं बियाणं दिलंय, सगळं शेत पेरता येईल.

(आता टोपीची कड चाचपत बसलेत. मी लेखणी धरून बसलेय.)

ते म्हणतात: जुन्या गव्हाचंही थोडं पेरणार आहे, विहिरीपाशी. कुणी हसलं तर हसू दे. बापाचा गहू आहे.

ते म्हणतात: सेराफिनाला आता सगळे दात आलेत आणि ती चावते.

(हे खरं आहे.)

ते म्हणतात: ओतिलियाच्या थडग्यावरचा क्रॉस नवीन करून घेतला. मेस्कीट लाकडाचा. रंग दिला नाही, तिला रंगवलेलं आवडायचं नाही. तिथे एकटाच गेलो होतो. तिच्याशी बोलून झालं.

(इथे उठून दारापर्यंत जाऊन आले.)

मी विचारलं, "त्याला या म्हणून लिहू का?" ते म्हणाले, "नको. या म्हटलं की त्याला नाही म्हणावं लागेल. ते ओझं त्याच्यावर कशाला? पेरणी कधी आहे ते लिही. तेवढंच लिही."

म्हणून तेवढंच लिहिते. पेरणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

देल्फिना


मेहिकाली
१८ डिसेंबर १९६०

देल्फिना,

मी सुखरूप पोचलो. बस सोनोय्ताला बंद पडली, पण तुम्ही बांधून दिलेल्या रोट्या सगळ्या गाडीला पुरल्या. रोट्या चिवट आहेत हे तुम्ही लिहिलं होतंत ते खरं आहे. तरी कुणी उरवल्या नाहीत.

निघताना मी फार बोललो नाही. मला तोंडाने जमत नाही. म्हणून हे लिहितोय.

पेरणीच्या सकाळी मी रस्त्यावरून येताना बाबांना लांबून पाहिलं. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटके दिसले. वय झालं की पाठ वाकते, मला माहीत आहे, पण मनात ते अजून खळ्यावरच्या उंचीचे होते. मी बांधावर पोचलो तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नाही. बियाण्याची पेटी दाखवली आणि म्हणाले, "फार खोल पेरू नकोस. याला वर यायला ताकद कमी आहे." मी म्हटलं, "किती खोल?" त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. मग दिवसभर आम्ही तेवढंच बोललो. मला वाटतं, त्यापेक्षा जास्त कुणालाच झेपलं नसतं.

दुपारी हिलारियोकाका आले, माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, हा कोण? बाबा म्हणाले, "लिब्रादो. खत घालायचं धाडस या पाटावर पहिल्यांदा यानेच केलं." तुम्ही तेव्हा डबा घेऊन येत होतात, तुम्ही ऐकलं नसेल.

आईच्या थडग्यावर तुम्ही मला एकट्याला जाऊ दिलंत. तिथे झेंडूची ताजी फुलं होती. बाबा तिकडे महिन्यातून एकदा जातात असं तुम्ही म्हणालात. फुलं त्या सकाळची होती. तुम्ही ठेवलीत का हे मी विचारलं नाही, पण मला कळलं.

मी इकडेच राहणार आहे. त्याला राग हे कारण नाही. राग उरला असेल तर थोडा असेल, जाईल तेव्हा जाईल. कारण एउलालिया आहे. जिनिंगच्या हिशेबनिसाची मुलगी, शाळेत शिकवते. तिच्याबद्दल मी तिथे सांगणार होतो, पण सेराफिना माझ्या खांद्यावर झोपली आणि तिला उठवून सांगण्यासारखी गोष्ट ती नव्हती.

तिच्या घरचे जुन्या रीतीचे आहेत. मुलाच्या आईवडिलांनी येऊन मुलगी मागायला हवी. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतरचा रविवार ठरला आहे. बाबांना सांगा, बसल्या बसल्या गव्हाबद्दल बोलू नका, तिचे वडील कापसाचे आहेत. आणि चांगले बूट घाला म्हणावं. सेराफिनालाही आणा.

एउलालियाच्या आईने विचारलं, तुझ्याकडून कोण कोण येणार? मी म्हटलं, वडील येतील, आई येईल, बहीण येईल. ते बोलून गेल्यावर वाटलं, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. म्हणून आता विचारतो.

याल ना?

लिब्रादो